दाजींच्या गाडीतला कडबा

मोटारगाडीवर पोटच्या लेकरासारखी माया करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. रोज फडक्याने पुसतील, दसऱ्याला हार घालतील, कुठे ओरखडा उठला तर त्या दिवशी जेवायचे नाहीत. पण मोटारगाडीला बैल समजून बैलाच्याच मापाने तिची पारख करणारा आणि तिच्याकडून बैलाचाच समजूतदारपणा मागणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. तेच माझे दाजी. केदारखेड्याचे राहणारे, अंगाने सडपातळ, मिशा मात्र दोघांत वाटून घेतल्या तरी पुरतील एवढ्या. चालण्यात घाई नाही आणि बोलण्यात तर नाहीच. त्यांना एखादी गोष्ट विचारावी, आपला चहा पिऊन घ्यावा, कप विसळून ठेवावा आणि मग उत्तर ऐकायला बसावं. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "चालायला कशी हाये?" मग ती विहिरीवरची मोटर असो, भिंतीवरचं घड्याळ असो, नाहीतर गावच्या शाळेत नव्याने आलेला मास्तर असो.

असा माणूस नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी दहा माणसांची मोठी गाडी घ्यायला निघाला, त्याला कारण आमची ताई. ताईला गाडी लागते. तशी ती पुष्कळांना लागते, घाट आला की लागते, डिझेलच्या धुराने लागते. ताईला गाडी सुरू होण्याआधीच लागायची. एसटी फाट्यावर येऊन थांबली आणि तिचं दार उघडलं, की त्या दाराच्या वासानेच ताई पदर तोंडाला लावून मागे फिरायची. त्यामुळे तिचं सगळं जग बैलगाडी जाईल तेवढंच. आमचं गाव शेजारची वाडी, म्हणून माहेर तरी तिला मिळालं. मी पुढे जुन्या जालन्यात कापडाचं दुकान टाकलं, घर बांधलं, संसार मांडला. पण ताईने माझं घर कधी पाहिलं नव्हतं. दर भाऊबीजेला ताट तिकडे आणि मी एसटीत. त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. पण भाची शहागडला दिली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गोदावरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंगेच्या, काठावर, आणि ताईचा जीव तिकडे लागून राहिला. लग्न दारातच झालं होतं. लेकीचं घर कसं आहे, चूल कुठल्या अंगाला आहे, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे ताईला सगळं ऐकूनच माहीत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आणि बाळाला घेऊन सासरी निघताना भाची उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आई, ह्याचं जावळ तिकडं गंगेवर काढायचंय. तू आल्याबिगर मी कात्री लावू देणार न्हाई."

ती पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. बोलली ते बोलली. वर्ष उलटलं तरी जावळ तसंच. पोराचे केस डोळ्यांवर आले, मग खांद्यावर आले. भाची त्याची वेणी घालायला लागली आणि शहागडच्या बाजारात लोक त्याला "काय गं ताई" म्हणून हाक मारायला लागले. सासरची माणसं भली, पण त्यांनीही एकदा विचारलंच, की विहीणबाई येणार आहेत की पोराला असाच बोहल्यावर चढवायचा आहे. हे दाजींच्या कानावर आलं. चार दिवस ते नेहमीसारखे शेतावर गेले. पाचव्या दिवशी सकाळी जालन्यात माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, दुकान बंद करा. गाडी पाहायला जायचंय."

शोरूममधला तो दिवस मी जन्मभर विसरणार नाही. टाय लावलेला एक तरतरीत मुलगा आम्हाला गाडीचे गुण सांगू लागला. पावर स्टेरिंग, एसी, टर्बो इंजिन, मागची सीट घडी होते, पुढची सरकते. दाजी ऐकत होते, पण डोळे गाडीवर. ते तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी मागच्या दारावर थाप मारली. वाकून चाकं पाहिली. वायपर उचलून सोडला आणि तो परत कसा बसतो ते पाहिलं. मग त्या चकचकीत फरशीवर सरळ आडवे झाले आणि गाडीच्या पोटाखाली डोकं घालून बराच वेळ पडून राहिले. मुलगा घाबरला. मी म्हणालो, "दाजी, काय पाहून राह्यले?" आतून आवाज आला, "कोंबडी पिल्लं घेऊन खालून जाईल का, ते पाह्यलं. बराबर हाये. जाती." बाहेर येऊन त्यांनी धोतर झटकलं, दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. "हा वास कशाचा?" मुलाचा चेहरा खुलला. "नव्या गाडीचा वास आहे, काका! लोकांना फार आवडतो." दाजी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहत म्हणाले, "तो काढून देता का?"

वास काढून मिळाला नाही, पण गाडी आली. दाजी तिला 'मोठी' म्हणत. ताई तिला 'तुमचं ते' म्हणे. गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, आणि ताई नवं लुगडं नेसून पुढच्या डाव्या सीटवर बसली. मुठीत लिंबू, गालात आवळासुपारी. सगळी आळी दारात जमली. दाजींनी किल्ली हातात घेतली, एकदा ताईकडे पाहिलं आणि किल्ली तशीच हातात राहिली. ताई दार उघडून खाली उतरली होती आणि गोठ्याच्या भिंतीला धरून उभी होती. तोंड धुऊन आल्यावर ती म्हणाली, "गाडी चांगली हाये हो. मीच खराब हाये." दाजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "तू कशाला खराब? घरच्या मानसाला सोसना ती कसली गाडी? गाडीलाच वळण लावावं लागल."

आणि वळण लावायला सुरुवात झाली. लोक नव्या गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं जपतात. दाजींनी ते त्याच दिवशी ओरबाडून काढलं. कुणीतरी भेट दिलेली अत्तराची बाटली उकिरड्यावर गेली. चारही दारं आणि मागचं पाचवं अशी रात्रंदिवस उघडी. त्यात कडुलिंबाचा पाला टाकून पाहिला, कांदे फोडून ठेवले. फाट्यावर मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्रीचाचा दाजींचे दोस्त. त्यांच्याकडून लोबान आणून ऐन दुपारी गाडीत धुरी केली. काचांतून धूर निघताना पाहून चाचा रस्त्यावरून पळत आले. "अरे दाजी, गाडी जल री क्या?" "न्हाई, वास काढून राह्यलो." चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "ये गाडी हाय या दर्गा?" ह्या सगळ्यातून एकच निष्पन्न झालं. उघडी दारं पाहून घरातली एक कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालून खुडूक बसली, आणि दाजींनी तिला उठवायला साफ नकार दिला. जिवंत जनावर आत राहिलं तर गाडीचा नवेपणा लवकर जाईल, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दहा सीटांची गाडी घेतली होती, त्यातली एक महिनाभर कोंबडीकडे होती.

वासाचं चाललं होतं तोवर चालीचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या समोरच्या फळीवर ठेवायचा आणि भोकरदनच्या रस्त्याला गाडी काढायची. थेंब सांडला की गाडी थांबवायची, मागे घ्यायची, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा घालून पाहायची, जरा डावीकडून, जरा तिरपा, जरा श्वास धरून. पुढे पुढे त्यांना त्या रस्त्याचा एकेक खड्डा ओळखीच्या माणसासारखा झाला. एकदा त्यांनी मला जालन्याला सोडायला म्हणून नेलं आणि तांब्या माझ्या मांडीवर दिला. पाणी सांडू नये म्हणून मी असा ताठ बसलो होतो, की समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाने मला पाहून नमस्कार केला, कुणाच्या अस्थी घेऊन चाललोय असं वाटून. सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. मग मेंढ्या मागे टाकून गेल्या. मेंढरांमागचा धनगर खिडकीशी वाकून म्हणाला, "बंद पडली का, मालक?" दाजी ऐटीत म्हणाले, "बिलकुल न्हाई. चालू हाये. परफारमन्स पाहून राह्यलो." टर्बो इंजिनाचा असा परफारमन्स जगात दुसऱ्या कुणी पाहिला नसेल. पण खरं सांगतो, जालन्यात उतरलो तेव्हा माझं धोतर कोरडं होतं.

एवढं करूनही ताई बसेना. म्हणजे बसायची बिचारी, दर आठ-पंधरा दिवसांनी, दाजींच्या तोंडाकडे पाहून बसायची. दाजी विचारायचे, "लागून राह्यली का?" ती मानेनेच "न्हाई" म्हणायची, आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत उतरायची. मग दोघंही दिवसभर एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायचे. तिकडे शहागडहून निरोप यायचा, की पोराची आता दोन वेण्यांची तयारी झाली आहे.

अशात पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मुक्कामाला गेलो होतो. संध्याकाळी खांदेमळण. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावायची आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचं. दाजींनी दोन्ही बैलांचं सगळं यथासांग केलं, आणि मग हातात वाटी तशीच घेऊन ते मोठीपुढे उभे राहिले. तिलाही चुकवायचं नाही एवढं नक्की होतं. अडचण एवढीच, की खांदा कुठे ते कळेना. पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला त्यांनी दोन्हीकडे लोणी-हळद चोळली. तरी मन मानेना. "जू कुठं बसत असल हो हिचं?" असं मला विचारलं आणि शेवटी, चुकायला नको म्हणून, स्टेरिंगलाही गोल भरपूर चोळली. मग बॉनेटवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." मला हसू आवरेना. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हसा. पर उपाशी न्हाई ठेवता येत कुनाला."

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा नियम. त्यामुळे बैलगाडी जागची हलायची नाही. दरवर्षी दाजी आदल्या दिवशीच कडबा आणि हिरवी वैरण शेतातून आणून ठेवत. ह्या वर्षी त्या तांब्याच्या नादात ते विसरले. सकाळी लक्षात आलं. बैलांना जुंपणं शक्य नाही आणि सणाच्या दिवशी त्यांना उपाशी ठेवणं त्याहून शक्य नाही. दाजींनी मोठीच्या मागच्या सीटा घडी केल्या आणि ती घेऊन शेतात गेले. परत आले तेव्हा आतमध्ये छतापर्यंत कडब्याच्या पेंढ्या, ओलं गवत, सरकी पेंडीचं पोतं, जुनी झूल, शेणाने माखलेले दोर. पुढच्या डाव्या सीटवरसुद्धा दोन पेंढ्या. ताईचा मुलगा, माझा भाचा, बापावर ओरडला, "दादा, अवं नवी गाडी हाये!" दाजी म्हणाले, "मंग? काम सांगितल्याबिगर ती घरची कशी व्हायची?"

दुपारी बैल सजले. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. गावातून मिरवून दारात आले. आणि त्यांच्या शेजारी, तिसरी, आरशांना गोंडे बांधलेली मोठी. ताई ताट घेऊन बाहेर आली. दोन्ही बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. गाडीपाशी येऊन थबकली. ताईने चाकावर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं. पुरणपोळी कुठे द्यावी ते न सुचून तिने ती खिडकीतून आत ठेवायला हात घातला, आणि तशीच वाकून राहिली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा. पण ती दीर्घ श्वास घेत होती. तिने ताट सुनेच्या हातात दिलं, दार उघडलं, सीटवरच्या दोन पेंढ्यांपैकी एक मांडीवर घेतली, दुसरी पायाशी सारली आणि बसली.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?" दाजींनी किल्ली चाचपत विचारलं.

"कुठं बी. पर हळू."

स्टेरिंगवर लोणी. दाजींचे हात सुटत होते, ते धोतराला पुसून पुसून पुन्हा धरत होते, आणि गाडी गावातून मारुतीपर्यंत अशी निघाली की मागे बैल चालत होते आणि बैलांनाच थांबावं लागत होतं. आम्ही सगळे दोन्ही बाजूंनी पायी. दाजी दर चार हातांवर विचारत होते, "लागून राह्यली का?" आणि ताई खिडकीतून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणत होती, "न्हाई! बैलगाडीवानीच वास येतो हो हिला!" मारुतीपाशी गाडी थांबली तेव्हा मिस्त्रीचाचांनी पुढे येऊन दाजींचा हात हातात घेतला, आणि हाताला लोणी लागलेलं पाहून मोठ्याने हसू लागले. दाजी हसत नव्हते. त्यांनी तोंड वळवून मिशांवरून हात फिरवला आणि दोन्ही मिशा हळदीने पिवळ्या झाल्या.

त्यानंतर मोठीतून कडबा कधी निघाला नाही. दिवाळी झाली, आणि जावळाला आम्ही शहागडला निघालो. पायाशी कडबा, पाठीशी कडबा, ताईच्या पायाखाली पेंडीचं पोतं, काचा सताड उघड्या. एसी हा त्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण. दाजी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून दाखवत, पण लावला मात्र कधी नाही. वाटेत आधी जालना. आमची गल्ली इतकी अरुंद, की गाडी तोंडाशीच अडकली, आणि ती काढायची कशी ह्याचा खल चालला असताना दोन मोकाट गायींनी मागच्या खिडकीतून तोंड घालून अर्धी पेंढी फस्त केली. ताई उतरून चालत माझ्या घरी आली. उंबऱ्याला हात लावला. घरभर फिरली, चुलीपाशी जरा उभी राहिली, माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायली आणि मला म्हणाली, "भाऊ, मी मनात पाह्यलं होतं ना, तसंच हाये रे तुझं घर." तिने मनात काय पाहिलं होतं कोण जाणे. माझी बायको दाराआड जाऊन रडली आणि मी उगाच गायी हाकलायला बाहेर गेलो.

शहागडला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं. हमरस्त्यावरच्या हॉटेलापाशी पाणी प्यायला थांबलो तर एका ट्रकवाल्याने खिडकीतून आत डोकावून विचारलं, "काय मालक, जनावरं भरली का?" दाजी म्हणाले, "न्हाई, लेकीची माय हाये." भाची दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, पण ओवाळून टाकायचं राहिलंच. ती धावत येऊन ताईच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यात नाक खुपसून म्हणाली, "आई गं, घरचा वास येऊन राह्यला." दुसऱ्या दिवशी गंगेच्या काठावर पोराच्या मामाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, मांडीवर बसवून त्याचं जावळ काढलं. पोरगं भोकाड पसरून रडलं. ताई त्याच्या मोकळ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि दाजी जरा दूर गाडीला टेकून उभे होते, आपल्याला जणू काही बघायचंच नाही असे.

पुढे काही वर्षं दोघं पुष्कळ फिरली. मग दाजींच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि त्यांनी ती वाद न घालता बंद केली. "समोरचा खड्डा दिसना, मंग तिला घेऊन कसं जावं?" एवढंच म्हणाले. भाच्याने ट्रॅक्टर घेतला, बैल गेले, गोठा रिकामा झाला. मोठी दारच्या कडुलिंबाखाली उभी आहे. ती काढून टाकावी असं घरात अधूनमधून निघतं आणि तिथेच राहतं. घरात एक जनावर नाही, पण सुगी झाली की दाजी काठी टेकत शेजाऱ्याकडे जातात आणि कडब्याच्या चार पेंढ्या मागून आणतात. जुना कडबा काढून नवा आत नीट रचतात.

मागच्या भाऊबीजेला मी गेलो तेव्हा संध्याकाळ होत होती. घरात दोघंही दिसेनात. सून हसून म्हणाली, "गाडीत हायेत." लिंबाखाली जाऊन पाहिलं. ताई डाव्या सीटवर मेथी निवडत बसली होती, दाजी स्टेरिंगवर हात ठेवून. मी मागे कडब्यावर टेकलो. दाजींनी मला पुन्हा एकदा गाडीचे सगळे गुण सांगितले, एसीचं बटण चाचपून दाखवलं, खालून कोंबडी जाते ते सांगितलं. समोर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, शाळेतून आलेली पोरं गेली. दाजींनी मान न वळवता विचारलं, "लागून राह्यली का गं?"

ताईने मेथीची जुडी मांडीवर ठेवली आणि समोर पाहत म्हणाली, "न्हाई. पर जरा हळू घ्या."

दाजींनी पायाने ब्रेक दाबला.